ज्यांच्या नावाचा पूल झाला

ब्रिस्बेन नदीवर जुलै २०१० मध्ये एक चारपदरी पूल वाहतुकीसाठी खुला झाला. नावासाठी लोकांची मतं मागवली होती आणि कौल मिळाला तो एका रॉक बँडला. पुलाचं नाव पडलं गो बिटवीन ब्रिज. ज्या ‘द गो-बिटवीन्स’वरून हे नाव आलं, त्यांचा एकही अल्बम ऑस्ट्रेलियात खपाच्या पहिल्या दहात कधी पोचला नव्हता. तरी शहराला ते आपले वाटले. याचं मोल कळायचं तर आधी हा बँड जन्मला ते १९७७ चं ब्रिस्बेन डोळ्यांसमोर आणायला हवं.

ब्रिस्बेन ही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याची राजधानी. तेव्हा या राज्यावर जो बिएल्के-पीटरसन यांची पकड होती. १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षं ते प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, होते. सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांच्या सरकारने रस्त्यावरचे राजकीय मोर्चे जवळपास बंदच करून टाकले. पुढच्या काही महिन्यांत शेकडो लोकांना अटक झाली. तरुण पोरं कुठे चार गाणी वाजवायला जमली तरी पोलिस दारात येत. शहरात जुनं काही टिकू द्यायचं नाही, असाच कारभार होता. टेकडीवरचं क्लाउडलँड हे लाडकं नृत्यगृह १९८२ मध्ये एका पहाटे, लोक झोपेत असताना, जमीनदोस्त झालं. पण याच दडपणाखाली दुसरंही काही उगवत होतं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७५ च्या अखेरीस ‘फोर ट्रिपल झेड’ हे स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. १९७६ मध्ये ‘द सेंट्स’ या इथल्याच बँडने स्वतःच्या पैशांनी पहिली रेकॉर्ड काढली, तीही लंडनच्या पंक, म्हणजे आक्रमक आणि बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडांच्या रेकॉर्डी बाजारात यायच्या आधी.

क्वीन्सलंड विद्यापीठात नाटकाच्या वर्गात रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन यांची गाठ पडली. दोघांनाही पुस्तकांचं आणि सिनेमाचं वेड. रॉबर्टला बँड काढायचा होता आणि त्यात त्याला ग्रँटच हवा होता. ग्रँटला एकही वाद्य येत नव्हतं, मग रॉबर्टनेच त्याला बेस गिटार शिकवली. वाजवणारा शोधून त्याच्याशी मैत्री करावी, ही नेहमीची रीत. इथे मित्र आधी ठरला आणि वाद्य मागाहून आलं. पुढचं सगळं यातूनच घडलं, असं मला वाटतं.

१९७८ मध्ये त्यांनी पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली. एका बाजूला ली रेमिक या अमेरिकन नटीवरचं गाणं, दुसऱ्या बाजूला ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मुलीवरचं. पंकच्या त्या दिवसांत सगळे ओरडत असताना ही दोन मुलं पुस्तक शोधून देणाऱ्या मुलीवर जीव लावून गात होती! ब्रिस्बेनमध्ये हे कोण ऐकणार? दोघे ब्रिटनला गेले, ग्लासगोच्या पोस्टकार्ड या छोट्या कंपनीने १९८० मध्ये त्यांची एक रेकॉर्ड काढली. परतल्यावर लिंडी मॉरिसन ड्रमवर आली. वयाने त्यांच्याहून मोठी, समाजकार्य केलेली, परखड बोलणारी. १९८२ मध्ये बँडने मुक्काम लंडनला हलवला.

त्या लंडनमध्येच ‘कॅटल अँड केन’ जन्मलं. त्याच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. ग्रँट रॉकहॅम्प्टनचा. तो चार वर्षांचा असताना डॉक्टर वडील गेले. बालपण उत्तर क्वीन्सलंडमध्ये गेलं, जिथे उसाची शेतं आणि गुरांचे मैलोन्‌मैल पसरलेले मळे. पुढे शाळेसाठी ब्रिस्बेनचं वसतिगृह. लंडनच्या मुक्कामात निक केव्ह या ऑस्ट्रेलियन गायकाची गिटार हाती लागली आणि त्यावर त्याने हे सगळं बांधलं. उसातून घराकडे निघालेला शाळकरी मुलगा, आणि न्हाणीघरात विसरून राहिलेलं वडिलांचं घड्याळ. वडील गेल्याचा शब्दही न काढता त्या घड्याळातून ती पोकळी कळते. कडव्याची चाल अकरा मात्रांची, पाच, दोन आणि चार अशी मोडलेली. आपल्याकडे रुद्र ताल ऐकलेल्यांना अकरा मात्रा नव्या नाहीत, पण रॉक संगीतात चार मात्रांच्या सरळ चालीची सवय झालेली असते. इथे पाऊल दर वेळी जरा अडखळतं, आठवणीत अडखळावं तसं, आणि लिंडीचे ड्रम ते अडखळणं सांभाळून घेतात. शेवटी रॉबर्टचा आवाज येतो, गात नाही, नुसता बोलतो. एकाच्या आठवणीत दुसऱ्याने येऊन बसावं, तसं.

हे गाणं आईला आवडावं म्हणून लिहिलं, असं ग्रँटने तेव्हा सांगितलं होतं. पण आई राहायची त्या दूरच्या मळ्यावर मुख्य लाइनची वीजच नव्हती, रेकॉर्ड लावणार कशी? म्हणून त्याने ते तिला फोनवर गाऊन दाखवलं. १९८३ च्या ‘बिफोर हॉलिवूड’ अल्बममध्ये ते आलं. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संगीतकारांच्या हक्क-संस्थेने देशातली सर्वोत्तम तीस गाणी निवडली, त्यांत ते होतं.

१९८० च्या दशकात सहा अल्बम आले. रेकॉर्ड कंपन्या बदलत राहिल्या, समीक्षक भरभरून लिहीत राहिले, पैसा मात्र आला नाही. शेवटपर्यंत सांभाळली ती वाटणी. अल्बमवर दोघांची गाणी जवळपास निम्मी-निम्मी, आपलं गाणं आपणच गायचं. रॉबर्ट तिरकस आणि नाटकी, ग्रँट सुरेल आणि हळवा. अमांडा ब्राउन व्हायोलिन आणि ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य घेऊन आली आणि गाण्यांना मोकळी हवा मिळाली. ऑस्ट्रेलियात परतून केलेला १९८८ चा ‘सिक्स्टीन लव्हर्स लेन’ माझ्या लेखी त्यांचा सर्वांत देखणा अल्बम. त्यातलं ‘स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन’ उन्हासारखं लख्ख वाजतं, पण शब्द नीट ऐकले तर त्यात चकाकणाऱ्या सुऱ्या आहेत, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका आहेत. गाणं गाजायला हवं होतं. ते जेमतेम चाललं.

१९८९ च्या अखेरीस रॉबर्ट आणि ग्रँटने बँड मोडायचं ठरवलं. एकाच दिवशी एकाने लिंडीला सांगितलं, दुसऱ्याने अमांडाला. अमांडा ग्रँटची जोडीदार होती, ती लगेच त्याला सोडून गेली. दोन मित्रांच्या बँडची गोष्ट सांगताना या दोघींचा वाटा बाजूला पडतो आणि ते बरोबर नाही. लिंडीच्या हाताशिवाय त्या अकरा मात्रा उभ्याच राहिल्या नसत्या.

दहा वर्षं दोघांनी वेगवेगळं काम केलं. २००० मध्ये अडेल पिकव्हान्सला बेसवर घेऊन ते पुन्हा एकत्र आले, आणखी तीन अल्बम केले. त्यांतला तिसरा ‘ओशन्स अपार्ट’. याला २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन संगीतसृष्टीचा आरिया पुरस्कार मिळाला, बँड सुरू झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी.

६ मे २००६ रोजी ब्रिस्बेनमधल्या ग्रँटच्या घरी संध्याकाळी मित्रमंडळी जमणार होती. दुपारी तो जरा पडतो म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. वय अठ्ठेचाळीस. रॉबर्टने बँडचं नाव तिथेच थांबवलं. दोन वर्षांनी त्याने स्वतःच्या नावाने ‘द इव्हँजेलिस्ट’ काढला, अडेल आणि ड्रमर ग्लेन थॉम्प्सन या शेवटच्या साथीदारांनाच घेऊन. त्यातली तीन गाणी ग्रँट अर्धवट ठेवून गेला होता. रॉबर्टने ती पुरी केली.