मश्रू की हिमरू? मुंब्र्यातल्या मुलांनी आधी काय विणावं

मुंब्रा-कौशात मुलांना हातकाम शिकवायला घेतलं की मुसलमान आईबापांकडून एक प्रश्न हमखास येतो: आपल्याला चालेल असं रेशमी कापड कोणतं? कुणी मश्रू सांगतं, कुणी हिमरू, आणि बरेच जण दोन्ही एकच समजून काहीतरी सांगून मोकळे होतात. गोंधळ व्हायला कारणही आहे. दोन्हीत रेशीम आणि सूत, दोन्हीला नवाबी थाट, दुकानदार दोन्ही एकाच कपाटातून काढतो. पण मागावर या दोघांची चाल उलटी आहे, आणि धर्माच्या हिशोबात तोच उलटेपणा मोजला जातो.

आधी नियम. पुरुषांनी रेशीम अंगावर घालू नये, बायकांना मोकळीक आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, पुरुषांना दोन ते चार बोटं रुंदीच्या रेशमी पट्टीची सूट आहे, म्हणजे काठ-गोट चालतो. हे सगळं घालण्याबद्दल झालं. मुलग्याने रेशमी धागा हातात धरला, त्याची पट्टी विणून बहिणीला दिली, तर त्यात अडचण नाही. निम्म्या शंका इथेच मिटतात. वयात न आलेल्या मुलग्याला रेशीम घालावं का, यावर मात्र फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, मतं वेगळी आहेत. तो निर्णय घरच्यांनी त्यांच्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचारून घ्यावा, शिक्षकाने त्यात पडू नये.

आता मश्रू. यात ताणा, म्हणजे उभे धागे रेशमाचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे सुताचे. विणकाम साटिनचं. आडवा सुती धागा एका रेशमी धाग्यावरून जातो आणि पुढच्या चारांखालून (काही कापडांत सातांखालून) सरकतो. त्यामुळे वरच्या अंगाला नुसतं रेशीम झळकतं आणि सूत मागे जातं. हे कापड आज मुख्यत: गुजरातेत पाटण आणि कच्छमधल्या मांडवीकडे विणलं जातं. नक्षी म्हणजे बहुतेक पट्टे, कधी पट्ट्यांत बांधून रंगवलेले ठिपके.

'रेशीम बाहेर, सूत अंगाला, म्हणून मश्रू चालतं' असं सगळे सांगतात. ऐकायला छान आणि मुलांना चटकन कळणारं, पण अर्धंच. हनफी फिक्हचे (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका परंपरेचे) ग्रंथ स्पर्शावर थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की कापडाला कापडपण येतं ते विणण्याने, आणि विणणं होतं बाण्याने. म्हणून हिशोब बाण्याचा धरायचा. ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल तर हरकत नाही. बाणा रेशमी असेल तर ते कापड पुरुषाला फक्त लढाईत चालतं. शेकडो वर्षांपूर्वी मुल्ला-मौलवींनी मागाजवळ बसून विचार केल्याशिवाय असं वाक्य लिहिलं जाणार नाही, असं मला तरी वाटतं.

हिमरूत नेमका बाणा रेशमी असतो. ताणा सुताचा, आणि नक्षी काढायला रेशमी आडवा धागा जादा घातलेला. नक्षीत नसेल तिथे हा धागा कापडाच्या पाठीमागे सैल लोंबत राहतो, म्हणून हिमरूची शाल हाताला जाडसर आणि ऊबदार लागते. घर दौलताबाद-औरंगाबादचं, आताचं छत्रपती संभाजीनगर. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर सोबत आले असं सांगितलं जातं. किनखाब या जरीच्या कापडाची सोन्याचांदीची श्रीमंती परवडेना, तेव्हा तीच नक्षी रेशीम-सुतात उतरवली. पुढे निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवान्या दिमाखात मिरवल्या गेल्या. ग्रंथातला हिशोब आणि दरबारातला शौक नेहमी एका वाटेने चालत नसतात, हे शिक्षकाने मनात ठेवावं. मुलांपुढे त्याचा निवाडा करत बसू नये.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी मश्रू, मग हिमरू. बरीच पुस्तकं मुलांना फुलं-पानं आवडतात म्हणून नक्षीपासून सुरुवात करतात. पण नक्षी आधी आली की मूल धागा बघायचं सोडून चित्र बघत बसतं.

चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, वर-खाली 20 खाचा पाडा. त्यांत चकचकीत धागा उभा ताणा, जवळजवळ, फट दिसू नये इतका. भिवंडीत मामा-काका यंत्रमागावर असलेलं पोर वर्गात एखादं असतंच. कोनवर उरलेला व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचा चकचकीत धागा, तेच घेऊन येतं. सुई मात्र बोथट, मोठ्या नेढ्याची. पेन्सिलीने खाचांखाली 1 ते 5 आकडे पुन्हा पुन्हा लिहा. पहिल्या ओळीत सुती धागा प्रत्येक 1 वरून काढायचा, बाकी चारांखालून. दुसऱ्या ओळीत 3 वरून, तिसरीत 5, चौथीत 2, पाचवीत 4, आणि पुन्हा 1. दर ओळीला दोन घरं पुढे. हे ज्याला जमलं त्याला साटिन जमलं. ओळी फणीने, नाहीतर जुन्या कंगव्याने घट्ट खाली दाबायच्या. पंधरा-वीस ओळी झाल्या की पुठ्ठ्यावरून काढून उलटं करायला सांगा. वर व्हिस्कोसची चमक, मागे सगळं मळकट सूत. 'टीचर, मागून तर नुसतं कॉटन!' असं कुणीतरी ओरडतंच. मग शेजारी साधी एक-वर-एक-खाली वीण ठेवा. तिच्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. साटिनच का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर ही रेशमं नाहीत. मनाई रेशीमकिड्याच्या धाग्याला आहे. पाटण-मांडवीकडचं बरंचसं मश्रूही आता रेयॉनच्या ताण्यावर होतं. तेव्हा वर्गात मनाईचा धागा मुळात नसतोच. तरी मी ताणा-बाण्याचा हिशोब शिकवतेच, कारण मोठेपणी शेरवानीचं कापड घेताना तो उपयोगी पडतो.

हिमरूची पाळी आली की दुसरा मुद्दा उभा राहतो, आकृतीचा. मश्रूच्या पट्ट्यांत तो येतच नाही. पुष्कळ घरांत सजीवांच्या चित्रांना, विशेषत: चेहऱ्याच्या, मनाई असते. नमाजाच्या कपड्यावर तर कुणालाच ती नको असतात. चित्रं काढूनच पोट भरणाऱ्या एका माणसाला पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांनी सांगितलं होतं की काढायचंच असेल तर झाडं काढ, निर्जीव वस्तू काढ. हिमरूचे वेल, बदाम, अननस, जाळी त्या सांगण्यात सहज बसतात. मराठवाड्याची शेजारीण पैठणी मात्र मोर-पोपटांशिवाय शोभत नाही. तिचाही नमुना दाखवायचा असेल तर पदरातली आसावलीची वेल घ्या, मोर राहू द्या. पोरीला मोरच हवा असेल तर आईला विचारा.

पुठ्ठ्यावर हिमरू करणं सोपं आहे. सुती ताण्यावर सुती बाण्याने साधी वीण चालू ठेवायची आणि दर दोन ओळींमागे चौकटीच्या कागदावर आखलेल्या बदामाप्रमाणे रंगीत धागा जादा घालायचा. मागे लोंबणारे धागे कापू देऊ नका. ते लोंबतात म्हणूनच ते हिमरू आहे. नीटनेटकं करायच्या हौसेत मुलं पहिल्यांदा तेच कापतात.

राहता राहिली एक अडचण, आणि ती ठाणे-मुंब्रा-कल्याण पट्ट्यात फार खरी आहे. भिवंडीचे मोमीन-अन्सारी आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबं बहुतेक हनफी, पण कोकणी मुसलमान शाफिई, म्हणजे दुसऱ्या फिक्ह-परंपरेचे. एकाच बाकावर दोन्ही घरची मुलं बसतात. शाफिई हिशोबात ताणा कोणता, बाणा कोणता हे नाही, वजन बघतात. रेशीम जास्त भरलं तर पुरुषाला नाही, सूत जास्त किंवा दोन्ही सारखं असलं तर चालतं. दाट ताण्याचं मश्रू हनफी घरात बिनघोर चालेल, पण कोकणी आजी 'मुलग्याला नाय चालणार' म्हणाली तर तिचंही बरोबर असू शकतं. त्यावर वाद न घालता विणण्याआधी दोन्ही धागे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आकडे वहीत लिहा. सूत कमी भरलं तर बाण्याला जाड सूत घ्या.