राजाच्या कानातला मोती

१६१४ साली एका आजारातून उठल्यावर बादशहा जहांगीरने कान टोचून घेतले. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या कृपेने आपण वाचलो, मनाने तर त्यांचे गुलाम आहोतच, मग कानही गुलामासारखे टोचलेले असू देत, असं त्याला वाटलं. दरबाऱ्यांनीही त्याचं पाहून कान टोचले. तेव्हापासून त्याच्या चित्रांत कानात मोती दिसू लागतात. चित्रावर साल नसलं तरी मोती असला, की ते त्यानंतरचं हे अभ्यासकांना कळतं. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात बिचित्र या चित्रकाराचं प्रसिद्ध चित्र आहे. उस्मानी सुलतान आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स समोर उभे असताना जहांगीर एका सूफी शेखाला मान देतोय. तिथेही मोती आहेच.

मला मात्र या लघुचित्रांतले मोती आवडतात ते त्यांच्या घडणीसाठी. चित्रकार सफेद्याचा दाट थेंब कागदावर ठेवून तसाच वाळू द्यायचा. थेंबाचा इवलासा घुमट व्हायचा. उजेड पडला की त्याच्या एका अंगाला ठिपका चमकतो आणि दुसऱ्या अंगाला बारीक सावली पडते. ही सावली रंगवलेली नसते, खरोखर पडलेली असते!

हा सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेट. प्रयोगशाळेतली काचकांडी गोडेतेलात बुडवली तर जवळजवळ दिसेनाशी होते, कारण काच आणि तेल प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात. सफेद्याचं उलट आहे. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, २ च्या आसपास, तर ज्या डिंकात तो कालवतात त्याचा साधारण १.५. एवढ्या फरकामुळे प्रकाश कणाकणावरून विखुरतो आणि लहानसा थेंबही शुभ्र, अपारदर्शक दिसतो. शिशाचं एक दुखणंही आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी त्याचा संयोग झाला की काळं लेड सल्फाइड बनतं आणि राजाच्या गळ्यातले मोती काळवंडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं पांढरं लेड सल्फेट करता येतं, पण शेजारच्या रंगांना धक्का न लावता एकेका मोत्यावर हे करायचं म्हणजे केवढं जपून काम!

सोनं तर खरंच सोनं असायचं. वर्ख घोटून, धुऊन त्याची पूड करायची, ती सरसात कालवून कुंचल्याने लावायची आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासायची. सोनं मऊ, त्यामुळे कण चपटे होऊन एकमेकांना चिकटतात आणि पृष्ठभाग आरशासारखा होतो. पण आरसा एकाच दिशेने लखलखतो. म्हणून काही ठिकाणी सुईच्या टोकाने त्यावर बारीक खळगे पाडत. प्रत्येक खळग्याचा उतार निराळा, त्यामुळे पान जरा कलतं केलं की कधी हा ठिपका चमकतो, कधी तो.

जम्मूकडच्या बसोहलीच्या चित्रकारांनी तर कमाल केली. दागिन्यांतल्या पाचूंसाठी त्यांनी एका चमकदार कीटकाच्या पंखांवरच्या हिरव्या कवचाचे बारीक तुकडे कापून चिकटवले. ही हिरवी झळाळी रंगद्रव्याची नाही. कवचातल्या अतिपातळ थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यात हिरवा तेवढा बळावतो. पाहण्याचा कोन बदलला की छटा बदलते. उडून जाणारं रंगद्रव्यच नसल्याने तीनशे वर्षांनंतरही ते पाचू हिरवेगार आहेत.

यातलं काहीही भिंतीवर टांगण्यासाठी केलेलं नव्हतं. मुघल पानं बहुधा मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या संग्रहवहीत, बांधलेली असत. बैठकीत ती हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून पाहत. धरणाऱ्याचा हात हलला की सोनं हलायचं. आज कागद आणि रंग टिकावेत म्हणून संग्रहालयात साधारण ५० लक्सइतकाच मंद उजेड ठेवतात, आणि ते योग्यच आहे. फोनवरच्या छायाचित्रात मात्र सपाट प्रकाशामुळे सोनं नुसतं पिवळं दिसतं आणि मोती नुसता पांढरा ठिपका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आहेत. तिथे गेलात तर काचेसमोर ताठ उभे राहू नका. गुडघ्यात थोडे वाका, डोकं डावीकडे न्या, मग उजवीकडे, आणि नजर दागिन्यांवर ठेवा.