आकडा देणं आणि आकड्याचा माग काढणं: बीआय आणि ॲनालिटिक्स

‘तुमची टीम म्हणजे ते डॅशबोर्ड, आकड्यांचे फलक, बनवणारे ना?’ असं कुणी विचारलं की मी आता फक्त मान डोलावतो. बाहेरच्या माणसाला फरक कळला नाही म्हणून काही बिघडत नाही. पण टीमची सूत्रं ज्याच्या हातात आहेत त्यानेच बिझनेस इंटेलिजन्स (बीआय) आणि डेटा ॲनालिटिक्स एकाच मापाने मोजायला घेतलं, की पंचाईत होते. दोन्हीकडे डेटा तोच, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा (एसक्यूएल) तीच, माणसं शेजारीशेजारी बसलेली. वरवर पाहून फरक दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. तक्रारी सोडवणारा विभाग आहे. गेल्या महिन्यात हजार तक्रारी आल्या. त्यातल्या ८०० साध्या, प्रत्येकी सरासरी २ तासांत सुटलेल्या. २०० किचकट, प्रत्येकी १२ तास घेणाऱ्या. एकूण सरासरी ४ तास. या महिन्यातही तक्रारी हजारच आहेत, पण सरासरी ६.४ तासांवर गेली. डॅशबोर्डवर लाल बाण. विभागप्रमुखांचा पारा चढलेला.

बीआयचं काम हे की तो ४ आणि हा ६.४ बिनचूक असावा, ठरलेल्या वेळी समोर यावा आणि कुणीही कुठूनही पाहिला तरी तोच दिसावा. ऐकायला सोपं वाटतं. पण तक्रार ‘सुटली’ कधी म्हणायची? कर्मचाऱ्याने बटण दाबलं तेव्हा, की ग्राहकाने होकार दिला तेव्हा? पुन्हा उघडलेली तक्रार नवी धरायची की जुनीच? तास घड्याळाचे की कामाचे? बीआयची निम्मी मेहनत या व्याख्यांवर जाते, आणि टीम लीडचा निम्मा दिवस त्या व्याख्यांवरून भांडणाऱ्यांमध्ये पंच होण्यात. एकदा दोन विभागांचे ‘महिन्याच्या तक्रारी’ हे आकडे जुळेनात म्हणून आम्ही तीन दिवस क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसमधून आकडा काढायच्या आज्ञा, उसवत बसलो होतो. क्वेऱ्या दोन्हीकडच्या बरोबर निघाल्या. एक विभाग तक्रार आल्याची तारीख धरत होता, दुसरा मिटल्याची. पहिल्याच दिवशी दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर अर्ध्या तासात निकाल लागला असता. तेव्हापासून आकडा जुळला नाही की आधी व्याख्या काढतो, क्वेरी नंतर.

आता ॲनालिटिक्स. प्रश्न आहे, सरासरी बिघडली का? कुणीतरी आकडा फोडून पाहतो. या महिन्यात साध्या तक्रारी ५०० आणि त्यांना लागले सरासरी १.८ तास. किचकट ५००, त्यांना ११ तास. म्हणजे दोन्ही प्रकारांत काम आधीपेक्षा लवकर झालंय! किचकट तक्रारींचा वाटा वाढला, म्हणून एकूण सरासरी चढली. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. डॅशबोर्डने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण लाल बाण पाहून कर्मचाऱ्यांना फैलावर घेतलं असतं तर ज्यांची पाठ थोपटायची त्यांनाच बोलणी बसली असती.

हे वाचताना सरळ वाटतं, कारण मी थेट उत्तरावर आलो. प्रत्यक्षात तो माणूस आधी रजेवर किती जण होते ते पाहतो, नवी प्रणाली आली त्या आठवड्याशी ताडून बघतो, सुट्टीचे दिवस वगळतो. तीन वाटा बंद निघतात, चौथी उघडते. त्या तीन बंद वाटा हेही कामच, पण दाखवायला हातात काहीच नसतं.

माझी चूक इथेच झाली. सुरुवातीला मी दोन्ही प्रकारची कामं एकाच बोर्डावर लावली, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा), त्यात किती टिकेट्स, म्हणजे नोंदवलेली कामं, बंद झाली याचा हिशेब. बीआयवाल्यांना ते मानवलं. ॲनालिटिक्सची हुशार मंडळी मात्र हळूहळू असेच प्रश्न उचलू लागली ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक होतं. दोष त्यांचा नव्हता, मोजपट्टी माझी होती. आता त्यांच्या कामाला अंदाजित तारखेऐवजी मर्यादा देतो: चार दिवस शोध घ्या, जे हाती लागेल ते घेऊन बसू, पुढे जायचं की नाही ते तेव्हा ठरवू.

गंमत म्हणजे ही दोन वळणं शब्दांच्या इतिहासातही दिसतात. आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी १९५८ साली ‘बिझनेस इंटेलिजन्स’ प्रणालीची कल्पना मांडली, ती संस्थेतली माहिती योग्य त्या माणसापर्यंत आपोआप पोचवण्याची होती. थोडक्यात, पोचवणं. १९६२ साली संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी डेटा विश्लेषणाविषयी लिहिताना बाजू घेतली ती योग्य प्रश्नाच्या ढोबळ उत्तराची. चुकीच्या प्रश्नाचं काटेकोर उत्तर त्यांना नको होतं. बीआयमध्ये ढोबळ उत्तर दिलंत तर सोमवारी सकाळी फोन आलाच म्हणून समजा.

‘किचकट तक्रारी २०० वरून ५०० का झाल्या?’ या पुढच्या प्रश्नाला ‘आपल्याकडच्या डेटावरून सांगता येत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर असू शकतं. ते वरिष्ठांसमोर मांडणं लीडचं काम. नवख्या विश्लेषकाला एकट्याने तिथे पाठवू नये.

लहान टीममध्ये एकच माणूस दोन्ही करतो, आणि पदनामं तर कंपनीगणिक वेगळी. त्याने फारसं अडत नाही. अडतं ते सीमेवर. तक्रारींची ती फोड सगळ्यांना आवडते आणि मग ‘दर महिन्याला पाठवाल का?’ असा निरोप येतो. ती फोड कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या पायथन नोटबुकमध्ये (विश्लेषणाचा कोड लिहिलेल्या फाइलमध्ये) असते, ‘किचकट’ कशाला म्हणायचं हे त्याच्या डोक्यात असतं, आणि दुसऱ्या महिन्यात तो रजेवर जातो. म्हणून कुठलीही मागणी आली की मी आधी विचारतो, हे पुढच्या महिन्यातही लागणार आहे का? उत्तर हो असेल, तर विश्लेषक आणि बीआयवाला एका टेबलाशी बसतात, ‘किचकट’ची व्याख्या कागदावर उतरते, तर्क वेअरहाऊसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डेटा-कोठारात, जातो, आणि नोटबुक त्याच दिवशी बंद होतं.