गिरण्या नाणेनिधीने बंद पाडल्या? खुलासा

सोलापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं: ‘१९९१ ला नाणेनिधीचं कर्ज घेतलं आणि आपल्या गिरण्या गेल्या बे!’ नाणेनिधी म्हणजे अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. पण इथे कालक्रमच जुळत नाही. जुन्या मिलला म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगला १९४९ सालीच टाळं लागलं होतं. १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला आणि भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यात नाणेनिधी कुठेच नव्हता. नंतरच्या दुखण्यालाही जुनाट यंत्रं आणि यंत्रमागांची स्पर्धा अशी घरचीच कारणं होती.

देशाचं सोनं नाणेनिधीकडे गहाण पडलं, असंही म्हणतात; तेही खरं नाही. जुलै १९९१ मध्ये ते गेलं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे.

पण एवढ्यावरून कर्जाच्या अटी निरुपद्रवी ठरत नाहीत. त्याच महिन्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, अर्थसंकल्पात खतं महागली. अवमूल्यनाने सोलापूरच्या पूर्व भागातला टॉवेल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडला, पण बिड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला त्यातून काय मिळालं?

खरा चटका बघायचा तर आफ्रिकेतला झांबिया बघा. डिसेंबर १९८६ मध्ये कर्जाच्या अटींपायी मक्याच्या पिठावरचं अनुदान काढलं, भाव दुपटीवर गेला, तांब्याच्या खाणपट्ट्यात दंगली पेटल्या, माणसं मेली. राष्ट्राध्यक्ष कौंडांनी अनुदान परत आणलं आणि मे १९८७ मध्ये नाणेनिधीचा कार्यक्रमच सोडला. तूट कमी करा, एवढं नाणेनिधी सांगतो. कुणाच्या ताटातून, हे बरंचसं तिथलं सरकार ठरवतं.