सोलापूर आणि सीएसआर: कंपनी कुणाची, चालवणारा कुठला, यावर सगळं ठरतं

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची समाजाप्रती जबाबदारी, म्हटलं की सगळे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ पासून सुरुवात करतात. १ एप्रिल २०१४ पासून लागू, नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. पण आपण सोलापूरकरांनी तिथून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण कंपनी नक्की कुणाची आणि ती चालवणारा कुठून आलाय हा प्रश्न आपल्याकडं मिलच्या भोंग्याइतका जुना आहे.

सोलापूरची 'जुनी मिल' ही कापड गिरणी १८७७ ची. दुष्काळाचे दिवस, हाताला काम नाही, आणि मिल काढली मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी. कारभार मॅनेजिंग एजन्सीचा, म्हणजे शेअर भलत्यांकडं विखुरलेले, चावी एजंटच्या हातात आणि राबणारा माणूस सोलापूरचा. ही रचना वर्षानुवर्षं चालली आणि ऑगस्ट १९४९ मधे गैरकारभारामुळं मिलला कुलूप लागलं. गावाची अर्धी चूल मिलवर, त्यामुळं जानेवारी १९५० मधे केंद्रानं थेट वटहुकूम काढून मिल ताब्यात घेतली आणि तिथं सरकारनं नेमलेले डायरेक्टर बसले. चिरंजीतलाल चौधरी नावाचे शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेले, १९५० मधे ते हरले. मग द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे शेअरहोल्डर कोर्टात गेले आणि डिसेंबर १९५३ मधे कोर्टानं उलटा निकाल दिला, की भरपाई न देता मालमत्ता अशी काढून घेता येत नाही. लॉ कॉलेजची पोरं हे निकाल मालमत्तेच्या हक्कासाठी वाचतात, पण माझ्यासाठी मुद्दा वेगळाय. कंपनीवर फक्त शेअरवाल्याचा हक्क की कामगाराचा आणि गावाचाही, हे भांडण स्वतंत्र भारतात एवढ्या लवकर कोर्टात गेलं ते सोलापुरातनं, आणि ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

दुसरी बाजू माणसाची. वालचंद हिराचंद १८८२ ला सोलापुरात जन्मले, जैन व्यापारी घर, पाठशाळा आणि बोर्डिंगला दान देणारा समाज. जहाज, विमान, मोटार असे त्यांचे मोठे कारखाने सगळे सोलापूरच्या बाहेर झाले, तरी नाव मात्र इथल्या कॉलेजांवर आहे. दान शिक्षणाकडं वळलं ते घरच्या वळणानं, त्याला कायदा लागला नाही.

अभ्यासकांनी हे बरंच नंतर मांडलं. हॅम्ब्रिक आणि मेसन यांनी १९८४ मधे म्हटलं की वरच्या साहेबांचं वय, शिक्षण, आधीचं आयुष्य कंपनीच्या निर्णयात उतरतं. पुढं क्रॉन्क्विस्ट आणि यू यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या तपासल्या, तर ज्या सीईओला मुलगी आहे त्याच्या कंपनीचं सीएसआर रेटिंग साधारण ९ टक्क्यांनी जास्त निघालं. उलट बार्निया आणि रुबिन यांनी २०१० मधे इशारा दिला की आतले मालक-मॅनेजर स्वतःच्या नावासाठी शेअरहोल्डरांच्या पैशातनं गरजेपेक्षा जास्तही उधळू शकतात. दोन्ही खरं असू शकतं, मला तरी विरोध दिसत नाही.

आता आजचं सोलापूर बघा. गाड्यांच्या इंजिनाचे भाग बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ ची, २०१६ मधे शेअर बाजारात आली, प्रमोटर, म्हणजे कंपनी उभी करणारं, कुटुंब गावातलंच, म्हणून गावाला 'प्रिसिजन गप्पा' हा कार्यक्रम आणि संगीत महोत्सवसुद्धा मिळतो, कारण मालकाला संध्याकाळी त्याच गावात बसायचंय. आहेरवाडी-फताटेवाडीकडचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प मात्र केंद्र सरकारच्या कंपनीचा, तिथले मोठे साहेब बदलीवर येतात आणि जातात, धोरण दिल्लीचं, त्यामुळं काम ठराविक चाकोरीतलं आणि प्रकल्पाशेजारच्या गावांपुरतं, पण साहेब बदलला म्हणून बंद पडत नाही. आणि अकलूजपासूनचे सहकारी साखर कारखाने तर या कायद्यातच बसत नाहीत, कारण ती सोसायटी आहे, कंपनी नाही. मालक ऊसवाला सभासद, त्याच्या बिलातनं कपात करून शाळा-कॉलेजं उभी राहिली, पण कुठं उभी राहायची ते ठरवणारा चेअरमन बहुतेक वेळा राजकारणातला. म्हणून सभासदानं सर्वसाधारण सभेत कपातीचा हिशोब विचारलाच पाहिजे, मग कुणी काही म्हणो.

कायद्यानं २०२१ मधे पेच आवळला, न खर्चलेला पैसा ठरल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी फंडात, नाहीतर दंड. पैसा कुठं जायचा ते मात्र बोर्डच ठरवतं. कायदा 'कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या' एवढंच म्हणतो. वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात प्रत्येक प्रोजेक्टपुढं जिल्हा आणि 'लोकल एरिया: हो / नाही' असा रकाना असायचा, फार कामाचा होता तो, २०२२ मधे फॉर्मेट छोटा करताना तो गेला. आता यादी कंपनीच्या वेबसाइटवर शोधावी लागते. ती शोधा, जिल्ह्यापुढं सोलापूर लिहिलंय का बघा, आणि नसेल तर कंपनीला मेल टाका.