नळ आला, नाली मागंच राहिली

सध्या गावोगाव नाली आणि सांडपाण्यावरून ग्रामसभेत जी भांडणं होतात ती समजायची तर थोडं मागं जावं लागते, कारण हा प्रश्न मुळात नालीचा नाहीच, नळाचा आहे.

विहिरीवरून दोरानं पाणी शेंदायचं तेव्हा घरात पाणी येऊन येऊन किती येणार, चार-सहा गुंड. न्हाणीतलं पाणी परसात केळीच्या नाहीतर कर्दळीच्या बुडाशी जिरून जायचं. घाण होती ती मैल्याची, हागणदरीची. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा खराटा घेऊन फिरले, १९४६च्या सुमारास विनोबा पवनारवरून रोज सुरगावला पायी जाऊन मैला उचलत, तिकडं कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत होईल असा संडास करून दाखवला. सांडपाण्याकडं मात्र कोणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं.

गंमत म्हणजे सांडपाण्यावर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था आपल्याच नागपुरात, १९५८ पासून. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, १९७४ साली नीरी झालं. त्याच वर्षी केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा आला, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ तर १९७० चंच. पण सगळ्यांचा रोख कारखान्यांवर आणि शहरांवर, दोन हजार वस्तीच्या गावाला कोण विचारते. शहराचं तरी कुठं निस्तरलं म्हणा, नागपूरचं बरंच सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते खरं, पण उरलेलं नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या धरणात, म्हणजे भंडाऱ्याकडच्या खेड्यांच्या दारात.

मग १५ ऑगस्ट २०१९ ला घरोघर नळानं पाणी द्यायचं जलजीवन मिशन जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी. हिशेबात वापरलेल्या पाण्याचं ८० टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे माणशी ४४ लिटर, २००० लोकांच्या गावात रोजचे ८८,००० लिटर, पाच हजारी टँकर सतरा-अठरा. त्यावर ज्याच्या घरी बोअर आहे किंवा नळाला टिल्लू पंप लावला आहे त्याचं वेगळंच. पाणी आणायचं उद्घाटन होते, नारळ फुटते, घालवायचं कोणी करत नाही.

लोक म्हणतात शहरासारखी भूमिगत गटार करा. पण पाईपातून मैला आपोआप वाहून जायचा तर पाणी भरपूर लागते, म्हणून गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटरचा मापदंड आहे, ५५ मध्ये ती लाईन तुंबूनच राहणार.

उरला शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी घराजवळच जमिनीत जिरवायचा खड्डा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे केले, नाल्याच बंद केल्या, डास गेले, मग सगळीकडं तोच पॅटर्न सांगायला लागले. पण आमच्याकडची काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी पिणंच बंद करते, वरवरचा खड्डा आषाढात उलटा वाहते. मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागते आणि तो खर्च कोणी धरत नाही. किनाऱ्यावरच्या गावाचं उलटं, वाळूत पाणी झटकन जिरते पण तितक्याच झटकन विहिरीतही पोचते.

२०२० पासून स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले, आपल्या २००० च्या गावाला ५ लाख ६० हजार, त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून टाकायचा. एवढ्यात मोठा प्लांट बसत नाही, पण नीरीची फायटोरीड पद्धत, म्हणजे गिट्टीच्या टाक्यांतून पाणी हळूहळू सोडायचं आणि वर झाडं लावायची, हिला वीज जवळपास लागत नाही. झाडं कोणती, तर पाणकणीस, बोरू आणि आजीच्या परसातली कर्दळ!

आमच्या गावात आता घोडं अडलं ते जागेवर. उतार पूर्वेला, तिथं गावठाणाची इंचभर जमीन शिल्लक नाही आणि वावराच्या धुऱ्याला टाकी करू द्यायला कोणीच तयार नाही.