पाठनिरीक्षण, नवशिक्षकांसाठीचे

पाठनिरीक्षण : नव्याने नोकरीस लागलेल्या शिक्षकाचा तास अनुभवी शिक्षकाने वर्गात बसून पाहणे, त्याची टिपणे ठेवणे आणि ती समोर ठेवून दोघांनी नंतर बोलणे, अशी ही पद्धत आहे. नवशिक्षक म्हणजे साधारणपणे नोकरीच्या पहिल्या तीन ते पाच वर्षांतला शिक्षक. अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांचे निरीक्षण आणि अधिकाऱ्यांकडून होणारी शाळातपासणी ही या पद्धतीची दोन वडीलधारी रूपे होत. तिच्या बऱ्याचशा अडचणीही त्यांच्याकडूनच वारशाने आल्या आहेत.

उगम : वर्ग पाहून शिक्षकाला सुधारण्याची रीत नेमकी कोठे सुरू झाली, याविषयी एकमत नाही. एक मत स्कॉटलंडकडे बोट दाखवते. डेव्हिड स्टो यांच्या ग्लासगो येथील नॉर्मल सेमिनरीत, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत (१८३७), विद्यार्थी-शिक्षक सहाध्यायांसमोर पाठ घेत व त्या पाठावर उघड टीका होई. दुसरे मत जर्मनीतील शिक्षणतत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या परंपरेला अग्रमान देते. हर्बार्ट यांनी स्वतः एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात कोनिग्सबर्ग येथे अध्यापनाचा वर्ग चालवला होता. पुढे त्सिलर यांनी लाइपत्सिगला व राइन यांनी येना येथे (१८८६ पासून) विद्यापीठाला जोडलेल्या सराव शाळेत पाठ, त्यावरील लेखी चिकित्सा आणि स्वतंत्र बैठकीतील चर्चा असा क्रम बसवला. लाइपत्सिग-येना येथील या क्रमाशी तुलना केली, तर केवळ कालक्रमाने ग्लासगोचा दावा आधीचा ठरतो. मात्र तेथील टीका प्रामुख्याने शिक्षकाचा आवाज, हालचाल व प्रश्न विचारण्याची ढब यांवर असे. मुलाच्या मनात विचार कोणत्या क्रमाने उभा राहिला, हा प्रश्न टिपणांत आला तो येनाकडून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबई इलाख्यात शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग १८४५ च्या सुमारास बाळशास्त्री जांभेकर यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. नंतरच्या ट्रेनिंग कॉलेजांना सराव शाळा जोडल्या गेल्या. ही रचना ब्रिटिश धर्तीची असल्याने आपल्याकडील पाठनिरीक्षणाचा सांगाडा बहुधा स्टो यांच्या वळणाचा असावा. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन ही ‘हर्बार्टची पंचपदी’ त्यावर मागाहून चढली. वास्तविक हा पाच पायऱ्यांचा साचा त्सिलर व राइन यांनी घडवला. हर्बार्ट यांनी मांडलेल्या पायऱ्या चार होत्या. तरीही मराठी टाचणवह्यांत पंचपदी हर्बार्टच्याच नावावर रूढ झाली आणि निरीक्षक पायऱ्या मोजू लागले.

तपासणीचा वारसा : दुसरा प्रवाह सरकारी तपासणीचा. वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर (१८५४) इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले व डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ‘निकालावर अनुदान’ ही रीत इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने आली आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही लागू झाली. तपासनीस मुलांना वाचायला लावी, गणिते घाली आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेचे पैसे ठरत. शिक्षक कसा शिकवतो हे पाहण्याचे त्याला कारणच उरले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ही रीत मागे पडली, पण साहेब येणार म्हटल्यावर फळा रंगवून, हुशार मुले पुढच्या बाकावर बसवण्याची सवय मागे ठेवून गेली.

१८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तपासणीच्या या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले होते. डेप्युटीची वर्षातून एकदा होणारी भेट फारशी उपयोगाची नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी पाहिल्या जाव्यात आणि काही भेटी पूर्वसूचनेशिवाय व्हाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा रोख देखरेखीवर होता, मार्गदर्शनावर नव्हे; आणि बहुजनांच्या मुलांना शाळेत काय मिळते ही त्यामागची चिंता होती. तरीही वर्षाकाठी एकदाच पाहिल्याने शिक्षकाविषयी काही कळत नाही, हा त्यातील मुद्दा आजच्या अभ्यासकांनाही मान्य व्हावा असा आहे. पूर्वसूचनेबाबत मात्र मार्गदर्शनाची वाट उलटी जाते. तेथे तास कोणता पाहायचा हे शिक्षकानेच सुचवावे असे मानतात.

नैदानिक पर्यवेक्षण : तपासणी आणि मार्गदर्शन यांची जाणीवपूर्वक फारकत करण्याचा प्रयत्न १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. रॉबर्ट गोल्डहॅमर (१९६९) यांनी त्याचे पाच टप्पे मांडले : पूर्वचर्चा, निरीक्षण, विश्लेषण व आखणी, पाठोत्तर चर्चा, आणि निरीक्षकाने स्वतःच्या कामाची केलेली चिकित्सा. कोगन यांच्या मांडणीत (१९७३) आठ टप्पे आहेत. ‘नैदानिक’ या शब्दामुळे शिक्षक आजारी आहे असा ग्रह होतो. कोगन यांना अभिप्रेत होते ते प्रत्यक्ष जागेवर, डोळ्यांसमोर पाहणे. पाचांपैकी पहिला व शेवटचा टप्पा व्यवहारात सर्वांत आधी गळतो. हे नुकसान मोठे आहे, कारण पूर्वचर्चेत ‘आज काय पाहू?’ हे नवशिक्षकाने ठरवलेले नसेल तर निरीक्षक आपल्याला खटकणारे तेवढेच पाहतो.

टिपणे कशी ठेवावीत याविषयी या परंपरेचा आग्रह स्पष्ट आहे : आधी वर्णन, मग अर्थ. ‘वर्गावर ताबा नाही’ हा शेरा झाला. ‘११.२० ला मागच्या दोन बाकांवरच्या चार मुलांनी वही उघडलेली नव्हती; ११.२६ ला बाई तिकडे गेल्या’ ही नोंद झाली. शेऱ्यावर वाद घालता येतो किंवा मान खाली घालता येते. नोंदीवर दोघांना मिळून विचार करता येतो : ती सहा मिनिटे बाई कोठे होत्या, त्या चौघांना पुस्तकातले पान सापडले होते का, की आदल्या दिवशीचा भागच त्यांना कळला नव्हता? शाळेच्या शेरेबुकात मात्र आजही पहिल्या प्रकारच्या वाक्यांचीच भरती अधिक आढळते.

सांकेतिक नोंदपद्धती : नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती (१९६० चे दशक) भारतातील बी.एड. अभ्यासक्रमांत विशेष रुजली, म्हणून तिचा तपशील येथे दिला आहे. वर्गातील बोलण्याचे तीत दहा वर्ग केले आहेत. शिक्षकाने भावना स्वीकारणे (१), प्रशंसा (२), मुलांचे विचार स्वीकारणे वा वापरणे (३), प्रश्न (४), व्याख्यान (५), सूचना (६) आणि टीका वा अधिकार गाजवणे (७). मुलाचे प्रतिसादादाखल बोलणे (८) व स्वतःहून बोलणे (९). शांतता वा गोंधळ (१०). निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक अंक लिहितो, म्हणजे मिनिटाला सुमारे २० आणि ३० मिनिटांच्या पाठात सुमारे ६०० अंक होतात. क्रमाच्या आरंभी व शेवटी १० हा अंक जोडून लगतच्या अंकांच्या जोड्या दहा बाय दहाच्या तक्त्यात भरतात.

मार्गदर्शनाच्या दृष्टीने या तक्त्यातील काही घरेच बोलकी आहेत. ८–३ या घरात नोंदी असतील तर मुलाच्या उत्तरानंतर शिक्षकाने ते उत्तर उचलून पुढे नेले असा अर्थ होतो. ८–५ भरलेले असेल तर उत्तर ऐकून शिक्षक पुन्हा आपल्या व्याख्यानाकडे वळला. १, २ व ३ यांच्या बेरजेला ६ व ७ यांच्या बेरजेने भागले की अप्रत्यक्ष व प्रत्यक्ष प्रभावाचे एक गुणोत्तर मिळते. आपण मुलांना बोलू देतो अशी खात्री असलेल्या नवशिक्षकाला स्वतःच्या पाठातील पाचांची रांग पाहून जे उमगते, ते सांगून उमगत नाही.

पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद वा अधिक थांबल्यास मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्ण होतात. सेकंदाचा तो विराम तीन सेकंदांच्या जाळीतून सहज निसटतो. दुसरी अडचण आपल्याकडची आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. एक गट कृती करत असतो, दुसऱ्याशी शिक्षक बोलतो. फ्लँडर्सच्या तक्त्यात पहिल्या गटाचे काम एक तर दिसतच नाही किंवा दहाव्या वर्गात, म्हणजे ‘शांतता वा गोंधळ’ म्हणून जमा होते. एका शिक्षकाच्या एका वर्गासाठी घडलेले साधन तेथे जसेच्या तसे वापरणे त्या शिक्षकावर अन्यायाचे होईल.

सूक्ष्म अध्यापन : १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत एकच कौशल्य, थोडी मुले आणि पाच-दहा मिनिटांचा पाठ असतो, प्रत्याभरणानंतर, म्हणजे पाठावरील अभिप्राय मिळाल्यावर, तोच पाठ पुन्हा घेतात. भारतात बडोदा विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र केंद्रातील बी. के. पासी यांच्या कामामुळे १९७० च्या दशकात तिचा प्रसार झाला. सेवेतील शिक्षकांसाठी तिचा वापर तुरळक आहे.

जपानमधील पाठ-अभ्यास : ‘जुग्यो केन्क्यू’ या जपानी पद्धतीची मुळे मेजी काळातील, १८७० च्या दशकानंतरच्या शिक्षक-शाळांत असावीत असे सामान्यतः मानतात. तीत शिक्षकांचा गट मिळून एक पाठ आखतो, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि मग पाठावर चर्चा होते. पाठ गटाचा असल्याने टीका एकट्या नवशिक्षकावर येत नाही. ज्येष्ठ-कनिष्ठ भाव तीव्र असलेल्या आपल्या शाळांना ही बाजू विशेष उपयोगी पडावी. जपानमध्ये १९८८ च्या कायदेबदलानंतर पहिल्या वर्षाचे नवशिक्षक-प्रशिक्षणही सक्तीचे झाले.

परिणामकारकता : अमेरिकेत गेट्स प्रतिष्ठानाच्या प्रकल्पात (२००९–१२) सुमारे तीन हजार शिक्षकांचे पाठ पाहण्यात आले. एकाच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहिल्यास मापनाची विश्वसनीयता अधिक वाढते, असे त्यात आढळले. निरीक्षण व प्रत्याभरणावर आधारलेल्या मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा क्राफ्ट व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये घेतला. अध्यापनावर चांगला आणि मुलांच्या संपादणुकीवर त्याहून कमी, पण अनुकूल परिणाम त्यांना दिसला. कार्यक्रम जितका मोठा, तितका परिणाम उणावलेला होता. इंग्लंडमध्ये शाळा-तपासणी यंत्रणेने गेल्या दशकाच्या मध्यास सुट्या पाठांना श्रेणी देणे थांबवले, आणि सप्टेंबर २०२१ पासून नवशिक्षकांना दोन वर्षांचा प्रवेशकाळ व स्वतंत्र मार्गदर्शक मिळू लागला.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे, नवशिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि काम समाधानकारक ठरल्यास कायम होतो. त्याचे पाठ मुख्याध्यापक पाहतात, आणि कायम करण्याबाबतचा अहवालही त्यांच्याकडूनच जातो. केंद्रप्रमुख व विस्तार अधिकाऱ्यांच्या भेटींतही माहिती गोळा करणे आणि वर्ग पाहणे ही कामे एकत्रच चालतात. ज्याच्या हाती आपली नोकरी आहे त्याच्यापुढे ‘भागाकार शिकवताना माझा गोंधळ होतो’ असे कोणता शिक्षणसेवक म्हणेल? केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या शिक्षकाचा पाठ पाहून त्यावर चर्चा होते तेव्हा हा दबाव काहीसा सैल होतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतील अधिव्याख्यात्यांकडे तर कायम करण्याचा अधिकारच नसल्याने त्यांच्या भेटी मार्गदर्शनाच्या कल्पनेला अधिक जवळच्या आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाची कल्पना आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अखत्यारीतील ३० शाळांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले. दिल्ली राज्याने त्याआधीच, २०१६ मध्ये, कार्यरत शिक्षकांतून निवडलेल्या सुमारे दोनशे मार्गदर्शक शिक्षकांना इतर शाळांतील वर्ग पाहण्यासाठी मोकळे केले होते.